कोरोना पुन्हा कोणाला होतो? 'काटक' माणसांच्या कौतुकामागचे राजकारण

"या लोकांना काही होत नाही. नाल्याकाठी राहणारी, उन्हातान्हात राबणारी काटक माणसं. एकदा होऊन गेला, आता कोरोनाच त्यांना घाबरतो."

हे वाक्य आपल्या शहरात कोणी ऐकले नाही? बंगल्यातला माणूस ते कौतुकाने म्हणतो. वाईट याचे वाटते की आता आपली पोरेही ते छाती फुगवून म्हणतात. २०२५च्या मे-जूनमध्ये देशात कोरोना पुन्हा वाढला, उपचाराधीन रुग्णांचा आकडा ७ हजारांच्या वर गेला, तेव्हा आपल्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर असले मजकूर फिरत होते. सोबत दुसऱ्या टोकाचाही मजकूर होता : प्रत्येक वेळी कोरोना झाला की शरीर निम्मे संपते, तिसऱ्यांदा झाला की माणूस वाचत नाही.

दोन्ही खोटे आहेत. पण दोन्हींचा परिणाम सारखा नाही. दुसरा मजकूर माणसाला घाबरवतो. पहिला मजकूर मालकाला, ठेकेदाराला आणि सरकारला मोकळा करतो. म्हणून आज पहिल्याचा समाचार घ्यायचा आहे.

आधी मुळात काय घडले ते पाहू. ऑगस्ट २०२०पर्यंत बहुतेक डॉक्टर सांगत होते की एकदा झालेला कोरोना इतक्यात पुन्हा होणार नाही. मग हाँगकाँगमध्ये ३३ वर्षांचा एक माणूस पहिल्या संसर्गानंतर १४२ दिवसांनी पुन्हा बाधित सापडला. दोन्ही वेळच्या विषाणूंची जनुकीय रचना वेगळी निघाली, म्हणजे जुनाच विषाणू अंगात रेंगाळत होता ही शंका मिटली. दुसऱ्या वेळी त्याला एकही लक्षण नव्हते. तो युरोपातून विमानाने परतला आणि विमानतळावर त्याची तपासणी झाली, म्हणून हे कळले. तपासणीच झाली नसती तर? तो माणूस 'एकदाच कोरोना झालेला' म्हणूनच मोजला गेला असता.

पुढच्याच महिन्यात आपल्या महाराष्ट्रातली नोंद पुढे आली. मुंबईतल्या नायर रुग्णालयाचे तीन आणि हिंदुजा रुग्णालयाचा एक, असे चार आरोग्य कर्मचारी दुसऱ्यांदा बाधित झाल्याचे जनुकीय तपासणीने सिद्ध झाले. या चौघांचा दुसरा आजार पहिल्यापेक्षा जास्त त्रासाचा होता. चार माणसांवरून देशाचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मान्य. पण हे चौघे कोण होते ते बघा. रोज रुग्णांच्या श्वासासमोर उभी राहणारी माणसे. आणि त्यांचा दुसरा संसर्ग सिद्ध का होऊ शकला? कारण ती रुग्णालयातच होती, नमुने जपून ठेवलेले होते, प्रयोगशाळा हाताशी होती. त्याच काळात रुग्णालयाच्या मागच्या दाराने जैविक कचऱ्याच्या पिशव्या उचलणाऱ्या कंत्राटी कामगाराला दुसऱ्यांदा ताप आला असेल, तर त्याचा नमुना कोणी जपून ठेवला होता?

आता आयसीएमआरचा आकडा घ्या. ऑक्टोबर २०२०पर्यंतच्या माहितीवरून त्यांनी १,३०० जणांच्या नोंदी तपासल्या आणि ५८ जणांना, म्हणजे ४.५ टक्के लोकांना, पुन्हा संसर्ग झाल्याचे सांगितले. हा आकडा वर्तमानपत्रांत सगळीकडे छापून आला. त्यामागची व्याख्या मात्र फारशी कोणी वाचली नाही. एक पॉझिटिव्ह अहवाल. मध्ये एक निगेटिव्ह अहवाल. मग पहिल्यापासून किमान १०२ दिवसांनी दुसरा पॉझिटिव्ह अहवाल. एकूण तीन कागद.

व्याख्या शास्त्रीय आहे, माझे भांडण तिच्याशी नाही. माझे भांडण त्या व्याख्येला मिळालेल्या उत्तराला 'देशाचे प्रमाण' म्हणणाऱ्यांशी आहे. मुकुंदवाडीच्या नाक्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्या बांधकाम मजुराकडे असे तीन कागद असतील का? पहिल्याच तपासणीला तो गेला असेल का? पॉझिटिव्ह आला तर घराला पट्टी लागणार, घरच्यांना अलगीकरणात नेणार, चौदा दिवस मजुरी बुडणार. तो मेडिकलमधून दहा रुपयांच्या गोळ्या घेणार आणि तिसऱ्या दिवशी नाक्यावर उभा राहणार. त्याचा पहिला कोरोना सरकारच्या लेखी झालाच नाही, तर दुसरा कुठून होणार?

आणि याच प्रशासनाला २०२०च्या एप्रिल-मे महिन्यांत वस्त्यांची नावे मात्र तोंडपाठ होती. रोजच्या बातमीत जयभीमनगर, भीमनगर-भावसिंगपुरा, संजयनगर-मुकुंदवाडी, किलेअर्क, नूर कॉलनी. ही यादी पोरे परवचा म्हणावा तशी म्हणत. रोगाचे नाव वस्तीला चिकटवायला शाई कमी पडली नाही. पण त्या रोजच्या पत्रकात 'पुन्हा बाधित' असा रकाना नव्हता. व्यवसायाचा रकाना नव्हता. जातीचा तर प्रश्नच नाही. ब्रिटनने कोरोनाचे मृत्यू वांशिक गटांनुसार प्रसिद्ध केले, अमेरिकेनेही केले. ब्रिटनने जानेवारी २०२२च्या अखेरीपासून रोजच्या आकड्यांत पुनर्संसर्गही धरायला सुरुवात केली. आपल्याकडे जात विचारायची ती फक्त लग्न ठरवताना आणि खोली भाड्याने देताना. मृत्यू मोजताना अचानक सगळे 'भारतीय' होतात.

तर मग पुन्हा होणारा कोरोना किती वेळा होतो आणि किती गंभीर असतो? ज्या देशांनी मोजले त्यांचे उत्तर असे आहे. डेन्मार्कने २०२०च्या दोन लाटा तपासल्या. एकदा होऊन गेलेल्यांना पुन्हा संसर्गापासून साधारण ८० टक्के संरक्षण होते. पण ६५ वर्षांवरच्यांत ते ४७ टक्क्यांवर येत होते. म्हणजे घरातल्या आजीला 'तुला होऊन गेलाय' म्हणून निर्धास्त करणे चुकीचे होते. मग नोव्हेंबर २०२१मध्ये ओमायक्रॉन आला आणि हिशेबच बदलला. कतारच्या अभ्यासात जुन्या संसर्गाने डेल्टापासून ९२ टक्के संरक्षण मिळत होते, ओमायक्रॉनपासून ते ५६ टक्केच उरले. २०२३मध्ये 'लॅन्सेट'ने १९ देशांतल्या ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. त्यात ओमायक्रॉनच्या पुन्हा संसर्गापासूनचे संरक्षण ४० आठवड्यांत ३६ टक्क्यांवर घसरलेले दिसते. पण गंभीर आजारापासूनचे संरक्षण त्याच काळात ८८ टक्क्यांच्या आसपास टिकलेले दिसते.

सरळ भाषेत : पुन्हा होणे सामान्य आहे, पुन्हा होऊन आयसीयूत जाणे त्या मानाने दुर्मीळ आहे. म्हणून 'तिसऱ्यांदा झाला की मेलाच' हा मजकूर खोटा. तो पुढे पाठवू नका.

पण इथेच थांबणारे लोक अर्धे सत्य सांगतात. अमेरिकेत माजी सैनिकांच्या नोंदींवर २०२२मध्ये एक मोठा अभ्यास झाला. ज्यांना पुन्हा कोरोना झाला त्यांच्यात, एकदाच झालेल्यांच्या तुलनेत, मृत्यूचा धोका दुप्पट आणि रुग्णालयात भरती होण्याचा धोका तिप्पट आढळला. यावरून 'दुसरा कोरोना पहिल्यापेक्षा दुप्पट घातक' अशा बातम्या आल्या. अभ्यास तसे म्हणत नाही. तो पहिल्या आणि दुसऱ्या आजाराची तुलना करत नाही. दुसरा झालेल्याची आणि दुसरा न झालेल्याची करतो. आणि त्यातली माणसे बहुतेक वयस्क पुरुष होती. पण तेवढ्यातूनही एक गोष्ट निघते : प्रत्येक नवा संसर्ग हा नवा धोका असतो.

वाळूज रस्त्यावरून दुचाकीने जाणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. वर्षभर रोज जाणारा गडी सराईत होतो, एका फेरीतला त्याचा धोका नवख्यापेक्षा कमी. पण तो वर्षात सहाशे फेऱ्या मारतो आणि साहेब महिन्यातून एकदा, तेही चारचाकीत. अपघातात कोण सापडण्याची शक्यता जास्त?

दीर्घ कोविडचेही तसेच. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२३मध्ये सांगितले की पहिल्या संसर्गानंतर ४ टक्के प्रौढांना महिनाभरानंतरही लक्षणे राहत होती, दुसऱ्यानंतर ज्यांना हा त्रास नव्याने सुरू झाला त्यांचे प्रमाण २.४ टक्के. कमी झाले, शून्य झाले नाही. दम लागतो, थकवा जात नाही, डोके जड राहते. संगणकासमोर बसणारा यातून कसाबसा निभावतो. पन्नास किलोची गोणी उचलणाऱ्याचे काय? त्याची हजेरी जाते आणि मुकादम म्हणतो, दारू पितो म्हणून दम लागतो.

म्हणजे खरा प्रश्न असा : एका माणसाच्या वाट्याला फेऱ्या किती येतात, हे कोण ठरवते? विषाणूला जात कळत नाही, हे वाक्य सवर्ण मित्र फार आवडीने वापरतात. खरे आहे, विषाणूला कळत नाही. पण कोणाला गटारीत उतरवायचे हे कळणाऱ्यांना कळते. केंद्र सरकारने स्वतःच २०२४मध्ये दिलेली माहिती आहे : गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या ज्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद झाली त्यांतले जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे आहेत. अनुसूचित जमाती आणि ओबीसी धरले तर ९२ टक्के. या कामाला 'वर्क फ्रॉम होम' नसते. २२ मार्च २०२०ला यांच्यासाठीही थाळ्या वाजवल्या म्हणे. थाळीत काय होते ते विचारू नका.

(सावित्रीमाईंचे उदाहरण इथे हमखास दिले जाते. १८९७च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला त्या स्वतः उचलून दवाखान्यात घेऊन आल्या आणि त्याच साथीत १० मार्चला गेल्या. त्यांनी ते स्वतःच्या निर्णयाने केले. ठेकेदाराच्या धाकाने विनाहातमोजे कचरा उचलणाऱ्या बाईला 'सावित्रीची लेक' म्हणून शाल घालणे ही सावित्रीमाईंची आणि त्या बाईचीही फसवणूक आहे. तिला शाल नको, हातमोजे आणि पगारी रजा हवी.)

कारखान्यांकडे या. जुलै २०२०मध्ये वाळूजच्या बजाज ऑटोच्या कारखान्यात आठ हजारांवर कामगारांपैकी अडीचशेच्या आसपास बाधित झाले होते. युनियनने काही दिवस उत्पादन थांबवण्याची मागणी केली. कंपनीची भूमिका होती, विषाणूसोबत जगायला शिकावे लागेल. ही देशभर गाजलेली बातमी होती, आणि तिथे निदान युनियन होती, आकडा बाहेर आला. ज्या शेकडो छोट्या युनिटांत युनियन नाही, ठेकेदाराची माणसे रोजंदारीवर आहेत, तिथे विषाणूसोबत कोण आणि किती वेळा जगले, याचा हिशेब कुठल्या वहीत आहे? 'सोबत जगणे' म्हणजे कामगाराने श्वास घ्यायचा आणि कंपनीने उत्पादन.

आता त्या काटकपणाच्या सिद्धांताकडे. त्याला शास्त्राचा मुलामाही मिळाला. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून एक अभ्यास आला. सीएसआयआरचे तत्कालीन महासंचालक शेखर मांडे त्याच्या लेखकांपैकी एक. जिथे स्वच्छता जास्त अशा श्रीमंत देशांत कोरोनाचे मृत्यू जास्त आणि गरीब देशांत कमी, असा संबंध त्यात दाखवला होता. तुलना देशादेशांची होती, माणसामाणसांची नव्हती. गरीब देशांत लोकसंख्या तरुण आणि मृत्यूंची नोंद अर्धवट, ही अडचण होतीच. पण बातम्यांत त्याचे 'अस्वच्छता तारक' झाले. सहा महिन्यांत डेल्टा आला आणि गंगेने उत्तर दिले.

मुंबईचे उदाहरणही असेच वापरले जाते. जुलै २०२०च्या सिरो सर्वेक्षणात तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, इमारतींत १६ टक्के. प्रामाणिकपणे सांगायचे तर या जुन्या संसर्गाचा काही महिने उपयोगही झालेला दिसतो. २०२१च्या सुरुवातीला मुंबई महापालिकेने सांगितले की नवे रुग्ण सुमारे ९० टक्के इमारतींत आहेत. तपासणीही इमारतींतच जास्त होत होती हे धरले तरी फरक मोठा आहे. मग यात काटकपणा कुठे आला? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि ऐंशी जणांमागे एक सार्वजनिक संडास, म्हणून ५७ टक्के. ती प्रतिकारशक्ती वस्तीने आजारी पडून, माणसे गमावून आगाऊ भरलेली किंमत होती. आणि ती कायमची नव्हती. ब्राझीलच्या मनाऊस शहरात ऑक्टोबर २०२०पर्यंत तीन चतुर्थांश लोकांना संसर्ग होऊन गेल्याचा अंदाज होता. जानेवारी २०२१मध्ये तिथे ऑक्सिजन संपला.

आपल्या शहरात तर तेही नव्हते. ऑगस्ट २०२०च्या सिरो सर्वेक्षणात औरंगाबादेत साधारण १२ टक्के लोकांतच प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे 'सगळ्यांना होऊन गेला' ही गोष्ट इथे खोटी होती, तेव्हाही लोक तीच सांगत होते. पुढे मार्च-एप्रिल २०२१ने काय केले ते घाटीच्या आवारात बसलेल्या प्रत्येकाने पाहिले. आजाराची गंभीरता फक्त विषाणूवर ठरत नाही, खाटेवरही ठरते. केंद्राकडून आलेल्या १५० व्हेंटिलेटरपैकी वापरात आणलेले ११३ सदोष असल्याची माहिती मे २०२१मध्ये औरंगाबाद खंडपीठापुढे आली. केंद्राने ते नाकारले, खंडपीठाने केंद्राला सुनावले. ज्यांच्याकडे खासगी रुग्णालयाचे दोन लाख होते, त्यांना हा वाद वर्तमानपत्रात वाचता आला.

आणि 'काटक' माणसांचे खरोखर काय झाले? २०२४च्या जुलैमध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये आलेला अभ्यास प्रत्येक कार्यकर्त्याने वाचला पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या माहितीवरून १४ राज्यांतले २०१९ आणि २०२०चे आयुर्मान त्यात मोजले. उच्चवर्णीय हिंदूंचे आयुर्मान १.३ वर्षांनी घटले. अनुसूचित जातींचे २.७ वर्षांनी. अनुसूचित जमातींचे ४.१ वर्षांनी. मुस्लिमांचे ५.४ वर्षांनी. सरकारने हा अभ्यास फेटाळला. यात सर्व कारणांचे मृत्यू आहेत, फक्त कोरोनाचे नाहीत. आणि हा काळ डेल्टाच्या आधीचा आहे. पण सरकारला हे आकडे चूक वाटत असतील तर स्वतःचे जातवार आकडे समोर ठेवावेत. ते ठेवत नाहीत.

या काटक माणसांना लस देताना काय वागणूक मिळाली तेही आठवा. नोव्हेंबर २०२१मध्ये लसीकरणात आपला जिल्हा राज्यात २६वा होता. राज्यात ७४ टक्के लोकांना लस मिळाली असताना इथे ५५ टक्के. उपाय काय निघाला? लस नसेल तर रेशन नाही, गॅस नाही, पेट्रोल नाही. पेट्रोलवाला दुसऱ्या दिवशी टोचून आला असेल. रेशनवाली बाई दिवसाची मजुरी बुडवून दोनदा रांगेत उभी राहिली. लस घ्यायलाच हवी होती, यात मला शंका नाही. पण घरापर्यंत लस नेण्याऐवजी ताटातले धान्य ओलीस धरणे, हा प्रयोग कोणाच्या ताटावर होतो? आणि ओमायक्रॉनने पुनर्संसर्गाचे दार उघडल्यानंतर, एप्रिल २०२२मध्ये, १८ ते ५९ वयाच्यांसाठी तिसरा डोस खुला झाला तो खासगी केंद्रांत, विकत. लसीचे २२५ रुपये आणि वर दीडशेपर्यंत सेवाशुल्क. चार माणसांच्या घराचे दीड हजार. जुलैमध्ये ७५ दिवसांपुरता मोफत केला आणि सप्टेंबरअखेर ती खिडकीही बंद. ज्याला संसर्ग जास्त वेळा होणार, त्यालाच संरक्षण विकत.

मग मागायचे काय? बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आजारी कामगाराला पगार मिळावा यासाठीची अडारकर समिती त्यांच्याच काळात, १९४३मध्ये नेमली गेली, आणि १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्यातून आला. आजही त्या विमा योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या ठेकेदारांकडे काम करणाऱ्या आपल्या किती पोरांची ईएसआयसीत नोंद आहे? किती जणांच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि कार्ड मात्र हातात नाही? नाका कामगार, मोलकरणी, कचरा वेचणाऱ्या बाया तर त्या योजनेच्या बाहेरच. ताप आलेला माणूस पगारासह पाच दिवस घरी बसू शकला तर त्याच्या मागच्या दहा जणांचा पुढचा कोरोना टळतो. मास्कवर भाषण देण्यापेक्षा हे जास्त उपयोगाचे आहे.

१४ एप्रिलला डीजेवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून एखाद्या मंडळाने वस्तीची वही केली तर? घरटी चार प्रश्न : २०२०पासून किती वेळा ताप-खोकल्याने अंथरूण धरले, किती वेळा तपासणी झाली, किती दिवसांची मजुरी बुडाली, आणि घरात साखर, क्षय, दमा यांपैकी काय आहे. जगातले साधारण एक चतुर्थांश क्षयरुग्ण या देशात आहेत. खराब फुप्फुसावर येणारा चौथा कोरोना कोणत्याही अभ्यासाच्या सरासरीत बसत नाही. नाव लिहू नका, घर क्रमांक पुरे.

दुसरे काम त्याहून सोपे. महापालिकेला माहिती अधिकारात विचारा : स्वच्छता विभागातल्या कायम आणि कंत्राटी कामगारांपैकी कितीजण दोनदा किंवा जास्त वेळा बाधित झाले, त्यांना किती दिवस पगारी रजा मिळाली, कितीजण दगावले आणि त्यांच्या वारसांना काय मिळाले. कायम आणि कंत्राटी, दोन्ही आकडे वेगळे मागा, नाहीतर एकत्र करून देतील. तीस दिवसांत उत्तर बंधनकारक आहे. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाहीत. अर्ज त्याच्याच नावाने करा.